दत्तक घेतलेली मोठी कुत्री क्रेटमध्येच शी-शू करते. काय करावं?

सोनचाफा (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. शेल्टरमधून दत्तक घेतलेल्या कुत्रीबद्दल सल्ला हवा आहे. माहिती एकदमच देते, म्हणजे सांगणाऱ्यांना सोपं जाईल.

नाव भिंगरी. देशी, वय अंदाजे साडेतीन वर्षं, वजन १७ किलो, नसबंदी झालेली. शेल्टरमध्ये दीडेक वर्ष जाळीच्या खोलीत, सिमेंटच्या कोब्यावर राहत होती. आमचा फ्लॅट पुण्यात, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. क्रेट, म्हणजे तिला झोपायला-ठेवायला आणलेला पिंजरा, तारेचा, ४२ इंची. खाली प्लॅस्टिकचा ट्रे, त्यावर फोमची जाड गादी. क्रेट बेडरूममध्ये असतो. रात्री ११ ते सकाळी ६ ती त्यात झोपते. दिवसा आम्ही दोघं कामावर गेलो की ९.३० ते १.३० पुन्हा क्रेट, मग कामाच्या मावशी येऊन दार उघडतात. बाहेर नेणं सकाळी सव्वासहा, दुपारी २ आणि रात्री ९. जेवण सकाळी ९ आणि रात्री ८, दोन्ही वेळा क्रेटमध्येच, दार उघडं ठेवून.

रात्री बहुतेक रोज क्रेटमध्ये शू असते. दिवसा, आठवड्यातले निम्मे दिवस, शी. घरात मोकळी असताना मात्र कुठेही करत नाही. "कुत्रं झोपायची जागा घाण करत नाही" असं सगळीकडे वाचलं होतं. मग हिच्या बाबतीत नेमकं काय बिघडलंय?


पंजेबहाद्दर (सोमवार, रात्री १०.०५)

ते वाक्य अर्धंच खरं आहे. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की झोपायच्या जागेपासून सरकून शू करायला लागतात, ही उपजत ओढ. पण ती टिकायला जागा सोडून जाण्याची मुभा लागते. शेल्टरच्या खोलीत दिवसभर बंद राहिलं की तिथेच करावं लागतं, आणि सकाळी पाइपाने धुऊन निघतं. कुत्र्याच्या लेखी तीच पद्धत ठरते. दीड वर्षात ती ओढ पार बोथट होते. व्यापारी ब्रीडरच्या पिंजऱ्यांतून सोडवलेल्या लॅब्राडॉर-बीगलांमध्ये हे आणखी ठळक दिसतं.

दुसरं म्हणजे पायाखालच्या पृष्ठभागाची सवय. हिला आजवर शूची जागा म्हणजे कठीण, गुळगुळीत, तीन बाजूंनी बंद. क्रेटचा ट्रे अगदी तसाच आहे.

यात हट्ट किंवा सूड नाही. कृपया कोणी ओरडू नका.


गावठी_गडी (सोमवार, रात्री १०.२०)

आमच्याकडे जुनी माणसं नाक त्यात घासायला सांगतात. दोन दिवसांत सुधारतं म्हणे.


पंजेबहाद्दर (सोमवार, रात्री १०.२४)

@गावठी_गडी, दादा, अजिबात नको. कुत्रं त्यातून एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग बाहेर पट्ट्यावर, तुम्ही शेजारी उभे असताना, ते करतच नाही. घरी येऊन पलंगामागे किंवा क्रेटमध्ये करतं. बाहेर रोखून धरणारी बरीच कुत्री अशीच घडवलेली असतात.


डॉ_रानवाटा (सोमवार, रात्री ११.१०)

मी पशुवैद्य आहे. सवयीकडे वळण्याआधी शरीर तपासा. प्रौढ, निरोगी कुत्र्याला रात्रीचे सात तास धरता यायला हवेत. ते रोज जमत नसेल तर आधी मूत्र तपासायचं.

सकाळची पहिली शू, धार सुरू झाल्यावर मधली, स्वच्छ कोरड्या पळीत धरा आणि झाकणाच्या बाटलीत तासाभरात लॅबला द्या. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. नेहमीच्या तपासणीसोबत विशिष्ट गुरुत्व (मूत्र किती दाट आहे ते) मागा. ते १.०३० च्या वर असेल तर मूत्रपिंडं पाणी नीट राखताहेत. सतत कमी येत असेल तर मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल वाढण्याचा आजार) यांचा शोध घ्यावा लागतो.

पाणी मोजा. सकाळी मापाच्या भांड्याने भरायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करायचं. घरात आणखी कोणी त्या भांड्यातून पीत नाही ना, ते बघा. साधारण किलोमागे ४० ते ६० मिली, म्हणजे भिंगरीसाठी ७०० मिली ते १ लिटर. किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे १.७ लिटरच्या पुढे गेलं तर तो आजाराचा किंवा औषधाचा इशारा समजा. शीचा नमुनाही द्या, शक्यतो तीन वेगवेगळ्या दिवसांचा. जियार्डिया हा आतड्यातला परजीवी एका नमुन्यात सापडेलच असं नसतं.

आता ताई, चार प्रश्न. उठल्यावर तिच्या अंगाखालची गादी ओली असते की एक कोपरा? शी घट्ट असते की पातळ, आणि शेंब असते का? पाणी किती पिते? सध्या कुठलं औषध चालू आहे?

पहिला प्रश्न यासाठी की नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये झोपेत मूत्र झिरपणं बऱ्यापैकी आढळतं. कुत्रीला स्वतःलाही ते कळत नाही. त्यावर चांगली औषधं आहेत, आणि तिथे प्रशिक्षणाचा काही उपयोग नसतो.


शेपूटहलवे (मंगळवार, सकाळी ७.१५)

क्रेट मोठा आहे हो! १७ किलोच्या कुत्रीला ४२ इंची म्हणजे एका टोकाला झोप, दुसऱ्या टोकाला संडास. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत माप घ्या आणि त्यात १० सेंमी मिळवा. देशी मादी बहुधा ७५ ते ८० सेंमी भरते, म्हणजे ३६ इंची (९१ सेंमी) पुरेसा. उंची उभ्या कुत्र्याच्या डोक्यापर्यंत, अधिक पाच-सात सेंमी. नवा घ्यायला नको, तारेच्या क्रेटला मध्ये लावायची जाळी मिळते.

आणि गादी काढा. फोम शू पिऊन घेतो, वरचं कापड पाच मिनिटांत कोरडं वाटतं. तिला काहीच गैरसोय होत नाही.


निशिगंधा_मुं (मंगळवार, सकाळी ८.०२)

@शेपूटहलवे, गादीबद्दल सहमत, जागा लहान करण्याबद्दल नाही. हा उपाय पिल्लांचा. ज्याची ओढच बोथट झाली आहे, ते प्रौढ कुत्रं लहान क्रेटमध्ये शूवर बसून राहील, एवढाच फरक पडेल. वर शीचं कारण भीती असेल तर जागा कमी करून भीती वाढेल. दात-नखं तुटेपर्यंत तारा ओढणारी कुत्री असतात. कारण कळेपर्यंत जाळी लावू नका.

आतमध्ये पी-पॅडही (शू शोषून घेणारी चटई) घालू नका. इथेच कर असंच त्यातून सांगितलं जातं.


गोठेनबर्गकर (मंगळवार, दुपारी १२.३०)

एक वेगळी बाजू. इथे स्वीडनमध्ये घरात कुत्रं क्रेटमध्ये बंद करून ठेवायला कायद्याने परवानगीच नाही. प्रवास, स्पर्धा असे अपवाद आहेत. दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर न्यावं असाही नियम आहे. तरी घरोघरी कुत्री स्वच्छ राहतात. बाळांसाठी असतं तसं फाटक आणि एक खोली, एवढ्यावर काम भागतं. क्रेट हवाच का, हा प्रश्न आधी विचारा.


वैदर्भी (मंगळवार, दुपारी १.१०)

कायद्याचं निघालंच आहे तर आपल्याकडचंही सांगते. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा आहे, आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणंही. क्रेट बेकायदा नाही, पण तासांचा हिशोब हवाच. भिंगरीचे रात्रीचे सात आणि दिवसाचे चार, म्हणजे चोवीसातले अकरा. माझ्या मते हे जास्त आहे.

विदर्भातल्यांसाठी जोडीला: एप्रिल-मेमध्ये बंद बाल्कनीत क्रेट ठेवू नका आणि पाणी कधीही उचलून घेऊ नका.


शेपूटहलवे (मंगळवार, दुपारी १.२५)

रात्री आठनंतर पाणी बंद केलं तर रात्रीची शू थांबेल की. साधा उपाय आहे.


डॉ_रानवाटा (मंगळवार, दुपारी २.४०)

@शेपूटहलवे, माझ्या प्रश्नांची उत्तरं येईपर्यंत नाही. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा स्टेरॉइड असेल तर कुत्रं शरीर पाणी टाकतंय म्हणून पितं. पाणी उचललं तरी शू होत राहते आणि शरीर कोरडं पडतं. निरोगी कुत्र्याचं पाणी झोपण्याआधी तासभर उचललं तर चालतं, त्याहून जास्त नको.


सोनचाफा (मंगळवार, रात्री ९.१५)

सगळ्यांचे आभार. उत्तरं देते.

ओला असतो तो कोपरा, दाराच्या विरुद्ध बाजूचा. अंगाखाली कोरडं. पाणी आज मोजलं, २ लिटरच्या जवळ गेलं. शी पातळसर असते, कधी शेंब. सकाळच्या जेवणात पोळी-दूध, रात्री भात-चिकन. औषध: खाज येत होती म्हणून डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन दिलंय, रात्री जेवणानंतर. तीन आठवड्यांपासून चालू आहे.

जुना मोबाइल समोर ठेवून चित्रीकरण केलं. रात्री ती उठते, दोन चकरा मारते, कोपऱ्यात शू करते आणि दुसऱ्या टोकाला जाऊन झोपते, अगदी शांत. दिवसा चित्र वेगळं आहे. आम्ही दार ओढल्यावर दहा मिनिटांत धापा, लाळ, ट्रे खरवडणं, मग शी. नंतर तासभर उभीच असते.


डॉ_रानवाटा (मंगळवार, रात्री ९.५०)

ताई, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडच रात्रीच्या शूचं सर्वात संभाव्य कारण. या औषधाने तहान आणि मूत्र दोन्ही वाढतात, आणि रात्रीची गोळी म्हणजे मूत्राचा जोर नेमका झोपेच्या वेळी. २ लिटर म्हणजे किलोमागे जवळजवळ १२० मिली. भरलेलं मूत्राशय सकाळपर्यंत धरणं कुठल्याच कुत्र्याला जमणार नाही.

पण गोळी स्वतःहून बंद करू नका. तीन आठवडे चाललेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी लगेच कामाला लागत नाहीत आणि कुत्रं गंभीर आजारी पडू शकतं. उद्याच तुमच्या डॉक्टरांना विचारा: गोळी सकाळी देता येईल का, मात्रा उतरवत एक दिवसाआड नेता येईल का, किंवा ऑक्लासिटिनिबसारखं स्टेरॉइड नसलेलं खाजेचं औषध बसेल का. मूत्र तपासणी तरीही करा. स्टेरॉइडवर असलेल्या कुत्र्यांत मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग फारशी लक्षणं न दाखवता असू शकतो.

तोवर पाणी चोवीस तास समोर हवं.


मुठाकाठ (मंगळवार, रात्री १०.१०)

तुमच्या वेळापत्रकातच आणखी एक कारण दिसतंय. सव्वासहाला फिरणं, नऊला जेवण, साडेनऊला क्रेट. पोटात अन्न पडलं की आतडी हलतात, आणि बहुतेक प्रौढ कुत्र्यांना जेवणानंतर १५ मिनिटं ते तासाभरात शी लागते. म्हणजे कळ येते नेमकी तुम्ही दार ओढल्यावर. त्यात सकाळी दूध. प्रौढ कुत्र्यांना दुधातली साखर पचवणं जड जातं, पातळ शी धरून ठेवणं त्याहून जड.

बदल असे करा. सकाळी आधी बाहेर, आल्यावर पावणेसातला जेवण, मग पुन्हा सव्वाआठ-साडेआठला दहा मिनिटं खाली. दूध बंद. हवं तर दोन चमचे दही किंवा उकडलेला लाल भोपळा. पण मुख्य अन्न बदलायचं ठरवलं तर आठवडा-दहा दिवस लावा. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. एकदम बदललं तर पुन्हा पातळ होईल आणि दोष क्रेटला जाईल.

रात्री ९ चं फिरणं आणि ११ ला झोप यातही दोन तास रिकामे जातात. पावणेअकराला खाली नेऊन आणा.


निशिगंधा_मुं (मंगळवार, रात्री १०.३०)

म्हणजे रात्रीचा आणि दिवसाचा असे दोन वेगळे प्रश्न आहेत. धागा अर्धा वाचून कोणी एकच उपाय दोन्हीकडे लावू नका.

दिवसाचं. धापा, लाळ, खरवडणं ही घबराटीची लक्षणं. पण घबराट कशाची? एकटं राहण्याची की कोंडलं जाण्याची, हे वेगळं काढावं लागतं, कारण उपचार वेगळे आहेत. दोन चाचण्या घ्या, वेगवेगळ्या दिवशी. पहिली: दार बंद क्रेट, तुम्ही त्याच खोलीत पुस्तक घेऊन दहा मिनिटं. दुसरी: क्रेट नाही, हॉल मोकळा, कॅमेरा चालू, तुम्ही दाराबाहेर जिन्यात दहा मिनिटं. धापा सुरू झाल्या की चाचणी तिथेच थांबवायची, तिला तडफडत ठेवायचं नाही.

पहिलीत घाबरली तर मूळ कोंडण्यात आहे. फक्त दुसरीत घाबरली तर एकटेपणात. दोन्हीत शांत राहिली तर एकटी आणि शिवाय कोंडलेली, हे मिश्रण सोसत नाही.


गावठी_गडी (मंगळवार, रात्री १०.४१)

पटलं, नाक घासण्याचं मागे घेतो. आमचा कुत्रा अंगणात असतो, त्यामुळे यातलं बरंच माहीत नव्हतं.


कोकणची_कमळा (बुधवार, सकाळी ६.५०)

साफसफाईवर कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. हे चुकलं तर बाकी सगळं पाण्यात.

फिनेलने पुसलं की वास आपल्या नाकाला येत नाही, कुत्र्याला येतो. मुताचे युरिक आम्लाचे खडे साध्या पाण्याने किंवा साबणाने पूर्ण निघत नाहीत, ओल लागली की पुन्हा वास सोडतात. पावसाळ्यात अचानक जुन्या जागी शू सुरू होते त्यामागे हेही असतं.

फोमची गादी टाकून द्या, ती आतून स्वच्छ होत नाही. ट्रे बाहेर काढून शी-शू आधी टिपून घ्या, मग साध्या पाण्याने धुवा. त्यावर पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइमचं द्रावण भरपूर ओता आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत, निदान १५ मिनिटं, ओलं राहू द्या. लोक फवारतात आणि लगेच पुसतात, तिथेच ते वाया जातं. एन्झाइमच्या आधी फिनेल किंवा जंतुनाशक लावलेलं असेल तर तेही धुऊन काढा, नाहीतर एन्झाइम निकामी होतं. नंतर उन्हात वाळवा. ट्रेच्या कडेची पन्हळ आणि तारांचे सांधे जुन्या टूथब्रशने घासा. क्रेटखालची फरशी विसरू नका, टाइल्सच्या फटीत मूत मुरतं. अंधार करून अतिनील टॉर्च मारला की डाग पिवळट-हिरवे चमकतात.

ब्लीच मुतावर कधीही ओतू नका. मुतातल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइनचा वायू निघतो, छातीत भरतो. काळं फिनेल तर घरात कुत्रं असताना नकोच. पंजे चाटून ते पोटात जातं.

आणि हातमोजे घाला. लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा, माणसालाही होणारा आजार मुतातून पसरतो, पावसाळ्यात जास्त. शेल्टरच्या कार्डावर त्याची लस आहे का बघा.


वैदर्भी (बुधवार, सकाळी ९.००)

कमळाताई, वाचनखूण साठवली. टाइल्सच्या फटीचं अगदी खरं.


पंजेबहाद्दर (बुधवार, सकाळी १०.३०)

आता बाहेरची बाजू. क्रेट कोरडा राहायचा तर बाहेर मूत्राशय पूर्ण रिकामं व्हायला हवं, आणि शेल्टरमधून आलेलं कुत्रं पट्ट्यावर, रस्त्याच्या गोंगाटात, बऱ्याचदा अर्धंच करतं.

सहा फुटी पट्टा, रोज तीच जागा, तुम्ही खांबासारखे एका ठिकाणी उभे. मोबाइल खिशात. सात-आठ मिनिटं थांबा. ती वास घेत गोल फिरू लागली की एकदाच हळू आवाजात "शू कर" म्हणा. करत असताना गप्प. संपल्याच्या क्षणी, दोन सेकंदांच्या आत, नखाएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. घरी आल्यावर दिलेलं बक्षीस घरी येण्याचं ठरतं. पहिल्या शूनंतर आणखी पाच मिनिटं फिरवा, बऱ्याच कुत्र्या दुसऱ्यांदा करतात.

शू झाली की लगेच घरी नेऊ नका. मजा संपते हे कळलं की कुत्रं मुद्दाम रोखायला शिकतं. आधी शू, मग फिरणं.

भिंगरीला सिमेंटची सवय आहे. सोसायटीच्या फरसबंदीवर केली तरी पहिले काही दिवस बक्षीस द्या, नंतर वर पाणी ओता. मग जागा रोज थोडी मातीकडे सरकवा.

नाहीच केली तर घरी आणून पट्टा स्वतःच्या कमरेला बांधा, पंधरा मिनिटांनी पुन्हा खाली. लिफ्टला बिचकत असेल तर जिन्याने. घाबरलेलं कुत्रं लिफ्टमध्येच सोडतं.


शेपूटहलवे (बुधवार, सकाळी १०.५५)

पावसात काय? देशी कुत्री दारात थेंब बघून मागे फिरतात. चौथ्या मजल्यावरून खाली, पुन्हा वर, सगळं कोरडंच.


कोकणची_कमळा (बुधवार, सकाळी ११.२०)

पार्किंगच्या कडेला छपराखाली जागा ठरवा, आणि पावसाआधीपासून तिथे सवय लावा. नाहीतर बाल्कनीत दोन बाय तीन फुटांचा, कडा असलेला ट्रे, तळाला भोक, दोन इंच माती आणि त्यावर खऱ्या हिरवळीचा तुकडा. शी लगेच उचलायची, हिरवळ पिवळी पडली की बदलायची.


मुठाकाठ (बुधवार, सकाळी ११.३५)

@कमळाताई, नुकत्या आलेल्या कुत्र्याला घरातच पर्याय देणं मला धोक्याचं वाटतं. बाल्कनी चालते तर बेडरूम का नाही, असं होतं.


कोकणची_कमळा (बुधवार, सकाळी ११.५०)

@मुठाकाठ, कृत्रिम गवत किंवा पॅड असेल तर तुमचं बरोबर. ते पायाला सतरंजी-गादीसारखंच लागतं. माती आणि खरं गवत घरात दुसरीकडे कुठे नसतं, म्हणून घोळ होत नाही. सिमेंटवर वाढलेल्या कुत्रीला मातीची ओळखही होते.


मुठाकाठ (बुधवार, दुपारी १२.०५)

हे पटलं.


सोनचाफा (शनिवार, रात्री ८.३०)

डॉक्टरांशी बोलले. गोळी आता रात्रीऐवजी सकाळी देते, मात्रा उतरवायचं कोष्टक दिलंय. मूत्रात संसर्ग नाही, विशिष्ट गुरुत्व कमी आहे, ते म्हणाले औषधामुळे. शीत जियार्डिया नाही. दूध बंद, जेवण पावणेसातला.

दोन्ही चाचण्या केल्या. आम्ही खोलीत असताना बंद क्रेटमध्ये आडवी पडून राहिली. हॉलमध्ये एकटी असताना पाच-सहा मिनिटं दाराशी बसली, मग सोफ्याखाली जाऊन झोपली. आता पुढे?


निशिगंधा_मुं (शनिवार, रात्री ९.०५)

छान बातमी आहे. एकटेपणाचा तीव्र आजार असता तर हॉलमध्येही धापा टाकल्या असत्या, आणि मग वर्तनाचं औषध घ्यायची वेळ आली असती. फ्लुओक्सेटिनसारख्या औषधांना गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. भिंगरीला नको आहे ती फक्त एकटी असताना कोंडून घेण्याची वेळ.

म्हणून दिवसा दार बंद क्रेट थांबवा. हॉलला फाटक लावा, गालिचा-सतरंज्या उचला, पाणी ठेवा, क्रेट उघडाच तिथे आणा. जाताना रबरी खेळण्यात भात-चिकन भरून, आदल्या रात्री गोठवून द्या, चाटण्यात तिचा बराच वेळ जातो. त्याला तोंडही लावलं नाही तर ती घाबरली आहे असं समजा. पहिले काही दिवस कॅमेरा बघत राहा, आणि मावशींना दीडऐवजी साडेबाराला येणं जमेल का विचारा.


मुठाकाठ (शनिवार, रात्री ९.२०)

रात्रीसाठी गजर. चित्रीकरणात शू किती वाजता होते ते बघा. समजा तीन वाजता, तर गजर अडीचचा. दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही, थेट खाली, शू, बक्षीस, परत. सलग तीन-चार रात्री कोरड्या गेल्या की गजर पंधरा मिनिटं पुढे ढकला. घाण झाली तर अर्धा तास मागे. गोळीची मात्रा उतरेल तसा तो आपोआप सकाळकडे सरकेल. वहीत जेवण, पाणी, शी, शू, चारहींच्या वेळा लिहा, नाहीतर कुठल्या बदलाने काय झालं ते कळत नाही.

गादीऐवजी जुनी सुती चादर एकेरी घडीने. ओली झाली की तिलाही कळेल, तुम्हालाही.


गोठेनबर्गकर (रविवार, दुपारी ३.००)

म्हणजे फाटक आणि एक खोलीच शेवटी! पण मान्य करतो, रात्री क्रेटमध्ये ती निवांत आहे तर तो काढायचं कारण नाही. प्रवासात, दवाखान्यात भरती करावं लागलं तर ती सवय उपयोगीच पडते.


शेपूटहलवे (रविवार, दुपारी ३.१५)

दिवसा क्रेट पुन्हा कधी बंद करायचा मग? दिवाळीत फटाके, घरी पाहुणे, तेव्हा लागतोच.


निशिगंधा_मुं (रविवार, दुपारी ४.१०)

तीन गोष्टी जुळल्यावर: औषध संपलेलं किंवा स्थिर, सलग दोन आठवडे क्रेट कोरडा, आणि दार उघडं असताना ती दिवसाही आपणहून आत जाऊन झोपते. मग तुम्ही खोलीत असताना दार एक मिनिट बंद, मग पाच, मग पंधरा. मग तुम्ही स्वयंपाकघरात. मग घराच्या दाराबाहेर, पुन्हा एका मिनिटापासून. दरवेळी वेळ वाढवायची नाही, मध्ये एखादी सोपी फेरी घाला. जांभया, ओठ चाटणं, कान मागे, खाऊ सोडून देणं, यातलं काही दिसलं की वेळ निम्म्यावर आणा. जाळी लावून जागा कमी करायची तर ती याच टप्प्यावर, @शेपूटहलवे, आधी नाही.

दिवाळीत संध्याकाळचं फिरणं फटाके सुरू व्हायच्या आधी उरका. क्रेटवर जाड चादर, एक बाजू उघडी, दार उघडंच. फटाक्यांच्या भीतीने शू झाली तर ती सवयीच्या हिशोबात धरू नका.


सोनचाफा (रविवार, रात्री १०.००)

कळलं, याच क्रमाने करते. एक शेवटचं. मावशी दार उघडतात तेव्हा ती आनंदाने लोळते आणि तिथल्या तिथे थोडी शू होते. हेही त्यातलंच का?


पंजेबहाद्दर (रविवार, रात्री १०.१२)

नाही, ही वेगळी. अतिउत्साहाची किंवा नमतं घेण्याची. मूत्राशय भरलेलं असताना कोणी अंगावर वाकलं, डोक्यावर हात ठेवला की निसटते. मावशींना सांगा, आत आल्यावर तिच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, पिशवी ठेवायची, पट्टा बाजूने लावायचा आणि सरळ खाली न्यायचं. लाड शू झाल्यावर, बाहेरच, खाली बसून, हनुवटीखालून. रागावलं तर वाढते. चादर दाराशी घालून ठेवा तोवर.